तडकलंय, का तडकवलंय?

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक चित्रापासून वीतभर अंतरावर नेलं आणि विचारलं, “हे वाळताना तडकलंय, का तडकवलंय?” कोपऱ्यात उभी असलेली संग्रहालयाची बाई दोन पावलं पुढे सरकली. मी मामांचा दंड धरून त्यांना हळूच मागे घेतलं आणि अशा वेळी माझ्यासारखी माणसं जे बोलतात ते बोललो: चित्रकाराला ते अपेक्षितच असणार. मामांचं समाधान झालं नाही. “अपेक्षित म्हंजे? माल घट्ट झालता का पातळ? खालच्या थरानं पानी वढलं असंल तर त्याला कशाला अपेक्षित म्हनायचं?” मी गप्प बसलो. प्रश्न मात्र पुढे कित्येक दिवस डोक्यातून गेला नाही.

मामा आयुष्यभर गवंडी. कराडच्या आसपासची निम्मी जुनी घरं त्यांच्या थापीखालून गेलेली. मामेभावाला मुलगी झाली म्हणून मामा-मामी बार्सेलोनाला आले होते, मी तेव्हा कामासाठी युरोपात होतो, तर सुट्टीला जोडून भेटायला गेलो. मामीला बाळापासून हलायचं नव्हतं आणि मामांना घरात बसवत नव्हतं. सग्रादा फामिलिया बघून झालं होतं. ते १८८२ पासून बांधतायत आणि अजून बांधतायतच, हे ऐकल्यावर मामा म्हणाले होते, “ठेकेदार बदलून बघा म्हनावं.” दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या हौसेच्या जागी नेलं, आरागो रस्त्यावरच्या, अंतोनी तापिएस या चित्रकाराच्या संग्रहालयात. इमारत त्यांना आवडली. जुन्या प्रकाशन संस्थेसाठी दोमेनेक इ मोंतानेर या वास्तुविशारदाने १८८०च्या दशकात बांधलेली, उघड्या विटांची आणि लोखंडाची. मामा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बराच वेळ विटांमधल्या दरजा, म्हणजे फटी, कशा भरल्यात ते बघत होते. डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचं आणि जाळीचं भलंमोठं भेंडोळं आहे, त्याचं नाव ‘ढग आणि खुर्ची’, तेही तापिएसचंच. त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, काम संपल्यावर सळ्या उतरवायच्या राहिल्यात का.

आणि मग आत आल्यावर हा प्रश्न.

तापिएसवर लिहिणारे लोक भिंतीबद्दल भरभरून लिहितात. भिंत म्हणजे इतिहास, भिंत म्हणजे अडसर, भिंत म्हणजे मौन. त्यात खोटं काही नाही. पण त्यातल्या फार थोड्यांनी कधी भिंत केली असेल. मामांनी ज्या चित्राला नाक लावलं होतं ते करड्या-तपकिरी रंगाचं, दाराएवढं उंच. वरचा भाग नुसता सपाट, खाली कुणीतरी खिळ्याने ओरखडल्यासारख्या रेघा, एका बाजूला बोटांनी दाबून पाडलेले खळगे, आणि मधोमध ती भेग. तापिएस रंगाच्या नळ्यांवर भागवणारा चित्रकार नव्हता. संगमरवराची भुकटी, वाळू, माती, रंगपूड आणि हे सगळं धरून ठेवायला कृत्रिम राळ किंवा लॅटेक्स, असा त्याचा माल. हा लगदा तो आडव्या ठेवलेल्या कॅनव्हासवर किंवा फळीवर पसरायचा आणि वाळायच्या आत त्यात खरवडायचं, कोरायचं, ठसे उमटवायचे. वाळायच्या आत, हे महत्त्वाचं. मामांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम ओळखीचा झाला. “म्हंजे नीरूचंच काम,” ते म्हणाले. चुन्याचा बारीक गिलावा भिंतीवर ओढला की हाताशी ठरावीकच वेळ असतो, त्यात रंधा फिरवून घ्यायचा. हात जाड बसला तर केसासारख्या चिरा येतात. भिंत आधी नीट भिजवली नसेल तर ती मालातलं पाणी पिऊन टाकते आणि मग मोठी भेग. कुठली चीर कशाने पडली ते चांगला गवंडी नुसतं बघून सांगतो. म्हणून ते विचारत होते. त्यांच्या लेखी तो कलेचा प्रश्नच नव्हता.

माझ्या लेखी मात्र हळूहळू तोच या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीचा प्रश्न झाला.

तापिएस १९२३ साली बार्सेलोनात जन्मला. वडील वकील, घर पुस्तकांचं आणि, बार्सेलोना ज्या कॅटलोनिया प्रांतात आहे तिथल्या, कॅटलान अस्मितेचं. बारा-तेरा वर्षांचा असताना स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं. ज्या वयात आपल्याकडची पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात त्या वयात त्याच्या शहरावर बॉम्ब पडत होते; मार्च १९३८ मधला हवाई हल्ला बार्सेलोना अजून विसरलेली नाही. युद्ध संपलं, हुकूमशहा फ्रँको जिंकला, कॅटलान भाषा सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाली. जुन्या शहरातल्या भिंतींवर छऱ्यांची भोकं, पुसलेल्या घोषणा, खरवडलेली नावं. त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की या भिंतींनी आपल्या माणसांचे हाल पाहिलेत. त्या भिंतींवरच्या खुणा कुणी मुद्दाम पाडल्या आणि कुठल्या आपोआप पडल्या? गोळीचं भोक मुद्दाम पाडलेलं असतं, तरी ते भिंतीसाठी नसतं. चुकलेल्या गोळीची ती खूण, किंवा न चुकलेल्या.

अठराव्या वर्षाच्या आसपास त्याला फुप्फुसाचा आजार झाला, हृदयाने दगा दिला, मरता मरता वाचला. पुढचा जवळपास दोन वर्षांचा काळ अंथरुणात, त्यातला काही डोंगरातल्या पुइग द’ओलेना इथल्या आरोग्यधामात. तिथे तो व्हॅन गॉग आणि पिकासोच्या चित्रांच्या नकला करत पडून असायचा, नित्शे वाचायचा, वाग्नर ऐकायचा. बरा झाल्यावर घरच्यांच्या मनासारखा कायद्याला गेला आणि तो अभ्यासक्रम अर्धाच सोडून आला. दीर्घ आजारपण काढलेला माणूस समोरच्या भिंतीकडे किती वेळ बघत असेल याचा अंदाज आमच्या घरात आम्हाला आहे. माझी आजी शेवटचं वर्ष ज्या खोलीत झोपून होती तिथल्या भिंतीवर ओल धरली होती. त्या ओलीत तिला कधी बैल दिसायचा, कधी तिच्या माहेरचा ओढा. रंग द्यायला माणूस आला तेव्हा तिने त्याला परत पाठवला. हे मी तापिएसला जोडतोय ते पुराव्याने नाही. पण त्याची १९५०च्या दशकातली चित्रं बघताना मला ती खोली आठवते, आणि आठवते ती दुःखाने नाही. तिथे बघण्यासारखं बरंच होतं.

त्याची सुरुवात काही भिंतीने झाली नव्हती. १९४८ मध्ये कवी जुआन ब्रोसा, चित्रकार पोंच, कुइशार्त, थाररात्स आणि तत्त्वज्ञ आर्नाउ पुइग यांच्याबरोबर त्याने ‘दाउ अल सेत’, म्हणजे फाशाची सातवी बाजू, हा गट काढला. फाशाला सहाच बाजू असतात, या मंडळींना सातवी हवी होती. त्या काळातली त्याची चित्रं गूढ, चंद्रप्रकाशातली, जादूटोण्याच्या पोथीतून निघाल्यासारखी. कौशल्य भरपूर, पण सगळं कुणाकुणाचं आठवत राहणारं. क्ले, मिरो, एर्न्स्ट. १९५० मध्ये बार्सेलोनात पहिलं एकल प्रदर्शन झालं, फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला, तिथे पिकासोला भेटला. मग १९५३ ते ५६ च्या दरम्यान कधीतरी चंद्र, भुतं, चेहरे सगळं गळून पडलं आणि उरला नुसता गिलावा. त्याच सुमारास तेरेसाशी त्याचं लग्न झालं. त्याच्या चित्रांत जागोजागी दिसणारा T हा तिचाही आणि त्याचाही. कधी तो क्रूस होतो, कधी नुसती बेरजेची खूण. १९५६ मध्ये त्याने दुकानाचं एक लोखंडी शटर घेतलं, त्यावर रंगाने क्रूस काढला आणि वर एक व्हायोलिन बसवलं. ते मामांनी फार मनापासून बघितलं. शटर जुनं होतं, पण पट्ट्या शाबूत होत्या, असा त्यांचा निर्वाळा.

या पाच-सहा वर्षांतली चित्रं मला खरी वाटतात, आणि का, ते मामांच्या शब्दांत सांगता येतं. ती तडकलेली आहेत. म्हणजे त्यात हाताने ओरखडलेलं भरपूर आहे, पण माल काय करेल हे त्यालाही पूर्ण ठाऊक नसावं. दोन दिवसांनी वाळून काय उठतं ते बघायला तोही आपल्यासारखाच त्या फळीसमोर उभा राहत असणार. आलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय खरवडून टाकायचं, एवढाच त्याचा हक्क. चित्रकाराने स्वतःच्या मालाला इतका मान देणं मला फार भारी वाटतं. आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं नाव या संदर्भात डोक्यात येतंच. तापिएसपेक्षा एका वर्षाने लहान, झेन बौद्ध विचारांची तशीच ओढ, रंगाचं काय होतंय ते बघत थांबायची तशीच तयारी. पण गायतोंड्यांकडे सगळा कारभार पाण्याचा आणि उजेडाचा, याच्याकडे मातीचा. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तापिएसचं मोठं प्रदर्शन १९६२ मध्येच झालं. गायतोंड्यांचं तिथे लागलं ते २०१४ मध्ये, ते जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. हा फरक दोघांच्या चित्रांतला नाही, हे काही सांगायला नको.

आता इथून गोष्ट अवघड होते, कारण जग त्याला फार लवकर सापडलं. १९५८ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत युनेस्कोचं पारितोषिक, त्याच वर्षी पिट्सबर्गला कार्नेगी पारितोषिक. पस्तिशीही गाठली नव्हती. आणि व्हेनिसमध्ये तो कुणाच्या दालनात होता? स्पेनच्या, म्हणजे फ्रँकोच्या. हुकूमशहाच्या सरकारला तेव्हा जगाला दाखवायचं होतं की आम्ही काही मागासलेले नाही, बघा आमच्याकडे किती आधुनिक चित्रं काढतात. चित्रात कुणाचा चेहरा नाही, घोषणा नाही, मग धोका कसला? सांगोवांगीची एक गोष्ट आहे: माद्रिदच्या एका प्रदर्शनात फ्रँकोला सांगितलं गेलं की महाराज, हे क्रांतिकारकांचं दालन, तेव्हा तो म्हणाला की क्रांती अशीच करणार असतील तर करू द्या. खरी असो वा रचलेली, ती टिकली आहे कारण ती झोंबते. ज्याने गोळ्यांच्या भोकांची भिंत केली त्याचीच भिंत गोळ्या घालणाऱ्यांनी दिवाणखान्यात टांगली. पुढे तापिएसने सरकारी प्रदर्शनांतून अंग काढून घेतलं. नुसतं अंग काढून थांबला नाही. १९६६ मध्ये बार्सेलोनाच्या सारिआ भागातल्या कापुचिन मठात विद्यार्थ्यांची बंदी असलेली सभा भरली, पोलिसांनी मठाला वेढा घातला, आत अडकलेल्या लेखक-कलावंतांत तोही होता. अटक झाली, दंड झाला. १९७० मध्ये बास्क बंडखोरांवरच्या बुर्गोसच्या लष्करी खटल्याविरुद्ध मोन्सेरातच्या मठात तीनशेच्या आसपास माणसं कोंडून घेऊन बसली, त्यांतही तो होता. आणि २ मार्च १९७४ ला साल्वादोर पुइग आंतिक या पंचविशीतल्या फ्रँकोविरोधी तरुणाचा बार्सेलोनाच्या तुरुंगात लोखंडी पट्ट्याने गळा आवळून जीव घेण्यात आला, तेव्हा तापिएसने शिळाछापांची एक मालिका केली आणि तिला सरळ ‘मारेकरी’ असं नाव दिलं.

तिथे काही आपोआप तडकलेलं नाही. आणि ते बरोबरच आहे.

पण सत्तरच्या दशकात आणखी एक गोष्ट झाली, तिच्याबद्दल माझं मन अजून एक होत नाही. त्याच्या चित्रांत कॅटलोनियाच्या झेंड्याचे चार तांबडे पट्टे आले, पिवळ्या जमिनीवर रक्ताच्या बोटांनी ओढल्यासारखे, घोषणा आल्या, अक्षरं आली. ज्या समाजाची भाषा दाबली गेली त्याला हे चित्र काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. मी तिथला असतो तर भिंतीवर त्याचं पोस्टर लावलं असतं. तरीही चित्र म्हणून त्यांपुढे उभं राहिलं की मला पहिल्या फटक्यात सगळं कळतं आणि मग पुढे काही उरत नाही. त्याच काळातल्या आणि त्याच्या थोड्या आधीच्या दुसऱ्या गोष्टी मात्र पकडून ठेवतात. पावलाच्या आकाराचं, त्याच मालातलं एक चित्र. काखेच्या आकाराचं एक चित्र, त्यात खरेच केस. वर्गातलं बाक आणि त्यावर गवत. कपड्यांनी भरलेलं, दारं सताड उघडं टाकलेलं एक कपाट, त्याच्यापुढे थांबलं की जुन्या कपड्यांचा वास येणार असं वाटायला लागतं. काख! युरोपच्या सगळ्या चित्रपरंपरेने शरीर इतकं रंगवलं, पण काखेवर थांबायचं कुणाला सुचलं असेल?

नंतर नंतर मात्र तोच क्रूस, तेच पाऊल, तेच अक्षर, तीच खरवड. १९९०च्या दशकातली, दोन हजारनंतरची चित्रं सलग बघत गेलो की मला चिडचिड होते. भेग जिथे शोभते तिथेच पडलेली. वार्निश जिथे ओघळायला हवं तिथेच ओघळलेलं. पन्नास वर्षं एकच माल मळल्यावर हाताला सगळं ठाऊक होणारच, त्याला तो काय करणार? गवंड्याचा हात बसला म्हणजे तो चांगला गवंडी झाला. चित्रकाराचा हात बसला म्हणजे काय झालं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पैसा आला, मान आला. १९९० मध्ये प्रिन्स ऑफ आस्तुरियास पुरस्कार, त्याच वर्षी स्वतःच्या नावाचं हे संग्रहालय, आणि २०१० मध्ये स्पेनच्या राजाने त्याला सरदारकी दिली, मार्कीस द तापिएस. मठात कोंडून घेतलेला, दंड भरलेला माणूस सरदार! २०१२ च्या फेब्रुवारीत तो गेला. त्याच्या गरीब मालाच्या, म्हणजे वाळू, गवत, फाटक्या चादरींच्या चित्रांना लिलावात मिळणाऱ्या किमती मी मामांना सांगितल्या नाहीत. सांगितल्या असत्या तर संध्याकाळभर मजुरीच्या दरांवर बोलणं झालं असतं, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नसतं.

तरी त्याला संपला म्हणायला माझं मन धजत नाही, कारण मध्येच तो असं काही करतो. १९९३ मध्ये व्हेनिसला, त्याच स्पेनच्या दालनात, पण आता फ्रँको जाऊन अठरा वर्षं झालेली, त्याने चित्र टांगलंच नाही. लोखंडी खाट अधांतरी लटकवली. इस्पितळातली असते तशी. शेजारी बोस्नियात युद्ध चालू होतं. त्या मांडणीचं नाव ‘रिन्झेन’, जपानी बौद्धांच्या परंपरेतून घेतलेलं, झटकन आलेली जाग असा काहीसा अर्थ. त्याला द्वैवार्षिकीचा सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला. अठराव्या वर्षी ज्या खाटेवर पडून राहिला ती त्याने सत्तरीला उचलून हवेत टांगली, असं म्हणायचा मोह होतो. तो काय म्हणाला असता ते सोडा. ती खाट आता बार्सेलोनाच्या समकालीन कलेच्या संग्रहालयात आहे. तिच्याखाली उभं राहिलं की मान वर करावी लागते, आणि खाटेकडे मान वर करून बघायची सवय आपल्याला नसते.

आणि त्याच्या आधीची ती मोज्याची भानगड. बार्सेलोनात ऑलिंपिक भरणार होतं, शहराला न्हाऊ-माखू घालणं चाललं होतं, मोन्जुइकच्या टेकडीवरच्या कॅटलान कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाची डागडुजी सुरू होती. तिथल्या प्रचंड लंबवर्तुळाकार दालनासाठी तापिएसकडे एक शिल्प मागितलं. त्याने आराखडा दिला: पायमोजा. अठरा मीटर उंचीचा, पायातून आत्ताच काढून टाकल्यासारखा, आणि वर भोक पडलेला. लोकांनी आत जावं, बसावं, विचार करावा. गहजब झाला. वर्तमानपत्रांतून महिनोन्महिने वाद चालला: राष्ट्राच्या कलेचं घर, शेकडो वर्षं जुनी चर्चमधली भित्तिचित्रं तिथे, आणि मध्यभागी फाटका मोजा? शेवटी तो बारगळला. २०१० मध्ये आरागो रस्त्यावरच्या संग्रहालयाच्या गच्चीवर त्याचा पावणेतीन मीटरचा अवतार बसवला. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात, लहान मुलं त्याला हात लावतात, तो गोड दिसतो. गोड दिसावा म्हणून त्याने तो काढला नव्हता. मोन्जुइकच्या त्या लंबवर्तुळाकार दालनात आता परिषदा भरतात, कंपन्यांच्या मेजवान्या होतात, पांढऱ्या कापडाची टेबलं मांडली जातात. मधोमध अठरा मीटरचा भोक पडलेला मोजा असता तर टेबलं मांडायला त्यांना चांगलीच अडचण झाली असती, आणि ती व्हायला हवी होती.